दिगूअण्णांच्या कॅलेंडरची बदकं

बोरतळं गावात एक म्हाळू राहायचा. भोळा इतका, की सांगितलं तेवढंच करायचा, आणि तेही अगदी तंतोतंत. ही रोलच्या कॅमेऱ्याच्या काळातली गोष्ट. म्हाळू दिगूअण्णांच्या फोटो स्टुडिओत कामाला होता.

थंडीत गावच्या तळ्यावर रानबदकं उतरायची. छापखान्याचे रसाळशेठ एकदा अण्णांना म्हणाले, "शनिवारी संध्याकाळपर्यंत बदकांचा झकास फोटो द्या. नव्या कॅलेंडरवर तोच छापतो. खाली तुमच्या दुकानाचं नाव."

अण्णा हुरळले. तालुक्यातल्या घराघरांत आपलं नाव! जन्मभर हीच तर इच्छा होती. पण गुडघे धरलेले, तळ्याच्या चिखलात कोण उतरणार? उरला म्हाळू.

"पहाटे जा," अण्णा म्हणाले. "तेव्हा उजेड कमी असतो. जरा हललास तरी फोटो पुसट येईल. अजिबात हलायचं नाही."

बुधवारी म्हाळू गेला. पाण्यावर एक तरंग नाही, बदकं अगदी समोर. म्हाळू दोन तास खांबासारखा उभा राहिला आणि परत आला.

"फोटो?"

"नाही काढला. बटण दाबायला बोट हलवावं लागतं, अण्णा."

अण्णांनी कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या, बोट हलव की! आणि फोटो आलाय याची खात्री करूनच परत ये."

गुरुवारी म्हाळूनं बोट हलवलं. खटाखट सगळा रोल संपवला. मग काठावर बसून कॅमेरा उघडला, रोल ओढून काढला, उन्हात धरला आणि एकेक बदक शोधलं.

"एकही आलेलं नाही, अण्णा. पक्की खात्री केलीय."

"गाढवा!" अण्णा ओरडले. "रोलला उजेड लागला की संपलंच सगळं! कॅमेऱ्यात उजेड जाऊ द्यायचा नाही. काही झालं तरी!"

शुक्रवारी म्हाळूनं लेन्सचं झाकण घट्ट बसवलं. वर डोक्याचं मुंडासं गुंडाळलं. मग फोटो काढले. अण्णांनी रोल धुऊन फोटो छापले, तर सगळे काळेकुट्ट.

"यात बदकं कुठायत?"

"आहेत की. अंधारात दिसत नाहीत एवढंच."

अण्णा रडकुंडीला आले. "बाबा रे, पाया पडतो तुझ्या. बटण दाबताना झाकण काढ, दाबून झालं की लाव. दुसरं काहीही करू नकोस."

शनिवारी मात्र नवलच झालं. म्हाळूनं सांगितलं तस्संच केलं, आणि करायचंही तेवढंच होतं! दुपारी अण्णांनी फोटो छापून पाहिला. निवांत पाणी, पहाटेचा धूसर उजेड आणि सगळ्यांत पुढे एक बदक मान वळवून थेट आपल्याकडे बघतंय. एकेक पीस मोजून घ्यावं! अण्णांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"म्हाळ्या, जिंकलास रे लेका!"

त्यांनी फोटो आणि निगेटिव्ह पाकिटात घातली. "आता हे ज्याचं त्याला देऊन ये. मी जरा पडतो. तीन दिवस डोळ्याला डोळा नाही."

ज्याचं त्याला देणं हे तर म्हाळूचं रोजचंच काम. फोटोतला चेहरा बघायचा, समोरचा चेहरा बघायचा, जुळला की द्यायचा. तो लगेच निघाला.

दिवस कलताना रसाळशेठ स्वतःच दुकानात आले. "काय अण्णा, फोटो कुठाय?"

"म्हणजे? तुम्हाला मिळाला नाही?"

तेवढ्यात म्हाळू आला. कमरेपर्यंत ओला, चेहरा खुललेला.

"दिलास?" अण्णांनी घाबरतच विचारलं.

"दिला. पण काय वैताग, अण्णा! सगळ्यांचे चेहरे सारखेच. तासभर जुळवत बसलो, तेव्हा ते पुढचं सापडलं. फोटो पाण्यावर ठेवला. त्यानं चोचीत धरला आणि मारली बुडी. मग निगेटिव्हही दिली सोडून. त्याचीच ना ती?"

शेठ मटकन खाली बसले. इतक्यात अण्णांना म्हाळूच्या काखेतलं पाकीट दिसलं.

"पाकीट आहे! अहो शेठ, पाकीट आहे!"

त्यांनी झडप घालून ते ओढलं. उघडलं. उलटं केलं. झटकलं. आत काहीच नव्हतं.

"पाकीट कसं देईन, अण्णा?" म्हाळू म्हणाला. "त्यावर आपल्या दुकानाचं नाव छापलंय. एवढा खुळा वाटलो होय मी तुम्हाला?"