बगळ्याने म्हैस कशी निवडली

फार पूर्वी प्राणीही धंद्याचे शिक्षण घेत असत. त्यांच्या शाळेत घुबडगुरुजींनी शिकवले, "जिथे गर्दी नाही, तिथे दुकान थाटावे."

बगळ्याने हा धडा स्वतःच्या पोटापाण्याला लावला. तळ्याकाठी बगळ्यांची रांगच होती, म्हणून तो मोकळ्या माळावर जाऊन उभा राहिला. तिथे गर्दी नव्हती आणि मासेही नव्हते. शेवटी भुकेने चक्कर येऊन तो चरणाऱ्या म्हशीच्या पाठीवर टेकला. म्हैस चालली की गवतातून टोळ उडत. ते खाऊन बगळा चांगला गुबगुबीत झाला.

पुढे गुरुजी नव्या मुलांना सांगू लागले, "बगळ्याने सखोल अभ्यास करून म्हैस निवडली."

शेजारी रवंथ करणारी म्हैस म्हणाली, "गुरुजी, त्याला चक्कर आली होती."