रंभाजीने ट्रक पारखला

करंजटेक गावात रंभाजी नावाचा एक भोळा ड्रायव्हर राहत होता. हातात स्टिअरिंग आलं की माणूस पक्का. घाट असो, चिखल असो, गाडी लोण्यासारखी न्यायचा. अडचण एकच होती. त्याला जे सांगाल ते तो करायचा. अगदी सांगाल तसंच.

करंजटेकात घरोघर झेंडू. दसऱ्याच्या बाजाराला गावाची सगळी फुलं पुण्याला न्यायची, असा शब्द त्याच्या चांगुणाआत्याने दिला होता. दसऱ्याआधी फुलं बाजारात पोचली तर गावाची दिवाळी. नाही पोचली तर दुसऱ्या दिवशी तोच झेंडू शेळ्यांपुढे. आणि नेमका आत्याचा जुना ट्रक वरातीत बंद पडला तो पडलाच.

आत्या म्हणाली, "रंभ्या, नवी गाडी घ्यायची. छोटा टेम्पो नको, त्यात निम्म्या गावाची फुलंही मावत नाहीत. दहाचाकी धूड नको, ते आपल्या गल्लीत वळत नाही. मधली, सहाचाकी बघ. महाबळ कंपनीची बघ, गरुड कंपनीची बघ. दोन्ही चालवून मला सांग."

"बरं, आत्या."

"आणि हे बघ, विकणारे लई गोड बोलतात. ते सांगतील त्याच्या उलट समजायचं."

"बरं, आत्या."

रंभाजी तालुक्याला गेला. महाबळच्या शोरूममध्ये कानडे साहेब होते. गळ्यात टाय, तोंडभर हसू.

"या या, बसा!"

रंभाजी उभा राहिला.

"पाणी घ्या."

रंभाजीने तोंड घट्ट मिटलं.

"बरं, गाडी चालवून बघताय ना?" कानडे साहेब शेजारच्या सीटवर बसले. "सावकाश घ्या हं, इथं शाळा आहे."

रंभाजीने ॲक्सिलरेटर दाबला. सुदैवाने रविवार होता.

"अहो, डावीकडून!"

रंभाजी उजवीकडून गेला. समोरून कोंबड्यांची गाडी येत होती. ती शेतात उतरली. कोंबड्याही उतरल्या. (घाबरू नका, कुणाला लागलं नाही. एका कोंबडीने मात्र त्यानंतर अंडं दिलं नाही म्हणतात.)

"थांबा! थांबा हो! देवा, थांबा!"

आता तीन वेळा थांबा म्हटल्यावर थांबणं कसं जमणार? रंभाजी चालवत राहिला. डिझेल संपलं तेव्हा गाडी आपणहून उभी राहिली. कानडे साहेबांनी दार उघडलं आणि रस्त्याकडेच्या दगडाला मिठी मारली.

आत्याने विचारलं, "कशी आहे महाबळ?"

"पळायला बेस्ट आहे, आत्या. भरपूर जाते."

"आणि ब्रेक?"

"असतील. बघायची वेळच आली नाही."

सगळं ऐकून आत्याने कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या, उलट समजायचं ते त्यांच्या कौतुकाचं! गाडीत बसल्यावर शेजारचा माणूस सांगेल तसंच चालवायचं. कळलं?"

"कळलं, आत्या."

दुसऱ्या दिवशी रंभाजी गरुडच्या शोरूममध्ये. तिथं शेलार मॅडम. त्यांनी गाडी बाहेर काढून दिली आणि म्हणाल्या, "तुम्ही बसा दादा, मी फोन घेऊन आलेच."

रंभाजी बसला. तेवढ्यात हातात पिशवी घेतलेली एक म्हातारी आली. दाराचा दांडा धरून वर चढली आणि शेजारच्या सीटवर ऐसपैस बसली.

"लेकरा, नातेपुत्याकडं चाललास का?"

रंभाजीने विचार केला. शेजारी बसलीय. सांगतेय.

"चाललो," तो म्हणाला.

शेलार मॅडम बाहेर आल्या तेव्हा अंगणात फक्त ऑइलचा एक थेंब होता.

वाटेत म्हातारी म्हणाली, "इथं थांब, पान घेते." तो थांबला. "इथं थांब, जावेला भेटते." तो थांबला. जावेने चहा केला. "आता लेकीच्या दारात हॉर्न वाजव, मी बस म्हणेपर्यंत." तो वाजवत राहिला. लेकीला भेटण्याच्या नादात म्हातारी बस म्हणायचं विसरली. आळीतले लोक काठ्या घेऊन आले तेव्हा कुठं तिला आठवण झाली.

गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी परत आली. मागे लेकीने दिलेले चार भोपळे. शेलार मॅडम पोलीस चौकीच्या पायरीवर बसल्या होत्या. भोपळे बघून त्यांना रडू आलं.

आत्या म्हणाली, "गरुड चढाला कशी वाटली?"

"चांगली असणार. म्हातारीला घाटात झोप लागली."

"आणि महाबळपेक्षा बरी का वाईट?"

"ते कसं सांगू? महाबळमध्ये म्हातारी नव्हती."

आत्या म्हणाली, "बरोबर आहे. एकीला एक आणि दुसरीला भलतंच केलं तर पारख होणार कशी? दोन्ही गाड्या इथं बोलावू. दोघींत मातीची पोती भरू. जे एकीला करशील, तेच दुसरीला करायचं. तसूभर फरक नको."

"नाही करत फरक."

आत्याने फोन करून माफी मागितली, जेवायला बोलावलं, आणि काय सांगू, दोन्ही कंपन्या आल्या. गिऱ्हाईक हातचं सोडतो कोण? एका बाजूला कानडे साहेब, दुसऱ्या बाजूला शेलार मॅडम. दोघंही रंभाजीपासून जरा लांब उभे.

पोती भरली. महाबळ टेकडीवर गेली, खाली आली. गरुड टेकडीवर गेली, खाली आली. सगळं कसं छान चाललं होतं. तेवढ्यात महाबळच्या मागच्या चाकात खिळा घुसला. फुस्स!

रंभाजीने पक्कड आणली. खिळा ओढून काढला. हातोडी घेतली आणि तोच खिळा गरुडच्या मागच्या चाकात ठोकला. फुस्स!

"अहो दादा!" शेलार मॅडम किंचाळल्या.

"फरक नको, मॅडम."

चाकं बदलली. गरुड वळताना तिचा आरसा बाभळीला लागून फुटला. रंभाजी खाली उतरला. दगड शोधला. हातात तोलून बघितला. कानडे साहेबांना म्हणाला, "माफ करा हं," आणि महाबळचा आरसा फोडला.

त्याला अडवायला धावताना कानडे साहेब शेणात घसरून पडले. कपडे पार भरले. रंभाजीने हळूच मान वळवून शेलार मॅडमकडे बघितलं.

मॅडम एका उडीत केबिनमध्ये. काचा वर. दाराला लॉक.

ती भांडणं मिटवता मिटवता आत्याचा घसा बसला. पण गाडी तिने त्याच दिवशी ठरवली. गरुड डिझेल कमी पिते, केबिनही ऐसपैस, पण तिचा माल भरायचा हौदा उंच. महाबळचा हौदा गावातल्या बायकांच्या खांद्याला बरोबर येतो. फुलांची पाटी वर द्यायला टाचा उचलाव्या लागत नाहीत. पाट्या चढवणार बायका, म्हणजे गाडी महाबळच.

रात्री जेवताना आत्या रंभाजीला म्हणाली, "बाबा रे, नीट ऐक. वाईट असेल ते आपल्यापुरतं ठेवावं. दुसऱ्याला करू नये. चांगलं असेल तेवढंच सगळ्यांना सारखं करावं. हे लक्षात ठेवलंस तरी पुष्कळ झालं."

"ठेवलं, आत्या."

अष्टमीच्या सकाळी नवी महाबळ गावात आली. गावाने फुलं खुडली होती. दुपारपर्यंत हौदा काठोकाठ भरला. नुसतं पिवळं आणि केशरी. आत्याने ताडपत्री स्वतः बांधली, गाठी दोनदा बघितल्या. म्हणाली, "जाताना शोरूमला थांब. कानडे साहेबांनी पूजा ठेवलीय. गाडीला हार घाल, नारळ फोड आणि थेट पुण्याचा बाजार गाठ. गावाचं सगळं तुझ्या हातात आहे."

या वेळी सांगण्यात कुठंच खोट नव्हती. आत्याने मनातल्या मनात दोनदा तपासलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव जागं होतंय तोच हॉर्न ऐकू आला. महाबळ परत आली होती. हौदा रिकामा. एक पाकळीसुद्धा नव्हती.

बायका पळत आल्या. आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "इतक्या लवकर गेली फुलं? सगळी?"

"सगळी!" रंभाजीचा चेहरा फुलला होता. "लोक खूश झाले, आत्या. कानडे साहेबांनी मला मिठी मारली."

"कानडे साहेबांनी? ते कशाला आले पुण्याला?"

"पुण्याला कोण गेलं? मी हार घालायला थांबलो ना. बघतो तर आपल्या गाडीशेजारी शोरूमच्या गाड्यांची रांग. हार घालणं चांगलं, का वाईट?"

"चांगलं," आत्या म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला.

"मग ते सगळ्यांना सारखं. त्या रांगेला घातले. मग समोर गरुडवाले हिरमुसून बघत होते, त्यांच्या रांगेला घातले. शेलार मॅडम काच खाली करून हसल्या! मग हायवेच्या ढाब्यावर गेलो. तिथं म्हणशील तेवढे ट्रक उभे. छोटे, मधले, दहाचाकी. ड्रायव्हर लोकांनी माळा ओवायला मदत केली. एकही गाडी सोडली नाही, आत्या. कुठल्याच कंपनीला नाव ठेवायला जागा नाही."

एका बाईच्या हातातली पाटी खाली पडली. आत्या ओट्याला टेकून हळूहळू खाली बसली.

रंभाजी जवळ आला. जरा ओशाळला होता. मान खाजवत म्हणाला, "एक चूक झाली मात्र, आत्या. खोटं कशाला बोलू? आपली घरची गाडी म्हणून तिला शेवटी ठेवलं, आणि नेमकी तिलाच फुलं कमी पडली. पूजा राहिलीय. गावात थोडा झेंडू मिळेल का?"