धवळीच्या कड्याखालचा दिंडा

ओ पाहुणे, हात आवरा. तो दिंड्याचा कोंब आहे. आज बोटभर दिसतो, आषाढात त्याचीच पानं सुपाएवढी होतील. कोवळा असताना भाजी करतो आम्ही, झकास लागते. पण ह्या धवळीच्या कड्याखाली हाळी दिल्याशिवाय कुणी कोंब मोडत नाही. का, ते बसून ऐका. चालता चालता सांगायला मला दम लागतो.

फार मागं, म्हणे, लागोपाठ दुष्काळ पडला. कणग्यांचे तळ खरवडून झाले, रानातले कंद संपले. बाप्ये कामाच्या शोधात घाटावर गेलेले. वाडीत आंबी आणि धवळी ह्या दोघी जावा. दोघींची रांगती पोरं, आणि अंगावरचं दूध आटलेलं. एके सकाळी दोघी इथं आल्या. जिला काही गवसेल तिनं हाळी द्यायची, असं ठरवून एक डावीकडं गेली, एक उजवीकडं.

आंबीला कपारीत ओल दिसली, आणि तिथं हे कोंब. पण मूठभरच. तिला वाटलं, एका पोराचा जीव तगेल. वाटले तर दोन्ही जातील. तेवढ्यात पलीकडून धवळीनं विचारलं, "आंबे, गवसलं का गं?"

आंबी गप्प राहिली. तोंड वाकडं करू नका. मरायला टेकलेलं पोर मांडीवर घेऊन बघा, मग बोला. धवळी पुन्हा पुन्हा विचारत होती. हिनं तोंडात पदर कोंबला. खाली काहीच नाही असं समजून धवळी कडा चढायला लागली. भुकेनं पाय लटपटत होते. वरून ती पडली, असं सांगतात.

आंबीनं घरी कोंब सोलून शिजवले. शेजारी धवळीचं पोर रडत होतं. ते तिनं उचलून आणलं, आणि दोघांना एकाच वाडग्यातून भरवलं. दोन्ही पोरं जगली, म्हणे. म्हणजे पुरलं असतं हो! दोघींना पुरलं असतं.

त्यानंतर आंबी दर साली इथं येऊन कड्याकडं बघत ओरडायची, "धवळे, गवसलं गं! खाली ये."

आजही आमच्या बाया हीच हाळी देतात आणि थांबतात. उपाशी बाईला कडा उतरायला जेवढा वेळ लागेल, तेवढं थांबायचं. मगच कोंब मोडायचा.