चांदी गाईचा पान्हा

घोंगडीबुवा महाराज त्या वर्षी कासारखेडला मारुतीच्या देवळात उतरले होते. तेव्हाची ही कथा. घरात बाळंतीण असेल, तर तिचे ताट आत गेल्याशिवाय कथा सुरू करू नये.

गावात नरहरपंत वैद्यांचा दरारा होता. त्यांची लेक यमू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तिला मुलगी झाली आणि पंतांनी फर्मान काढले. आईचा पहिला चीक जड, तो पिळून टाकायचा. बाळाला मधाचे बोट. बाळंतिणीला तीन दिवस खोबऱ्याचा तुकडा आणि घोटभर पाणी.

म्हातारी सुईण ठकूबाई महाराजांची भक्त. ती हात जोडून म्हणाली, "पंत, लेकराला छातीशी लावू द्या. अन् यमूताईला पोटभर जेवू घाला."

"ठकू, तू ग्रंथ किती वाचलेस?"

"एकबी न्हाई. पर तुम्ही जन्मलात तवा रडत नव्हतात. मीच उलटं धरून रडवलं."

पंतांनी तिला अंगणाबाहेर काढले.

तिसऱ्या दिवशी बाळ रडेनासे झाले. यमूची छाती कोरडी, तिला कूस वळवेना. ठकूबाई देवळाकडे धावली. महाराज तसेच उठले.

त्याच सकाळी पंतांची चांदी गाय व्याली होती. चिंतेत पंतांना हटकून भूक लागे, आणि खरवस म्हणजे त्यांचा जीव की प्राण. वासरू लांब बांधून ते चरवी घेऊन बसले. चांदीने पान्हा चोरला. पंतांनी चुचकारले, एक स्तोत्रही म्हटले. चांदीने शांतपणे चरवीत पाय दिला आणि पंत शेणात बसले.

महाराज ठकूबाईला घेऊन गोठ्याच्या दारात उभे होते. म्हणाले, "पंत, पहिलाच चीक ना? ओतून द्या. जड असतो."

"भलतेच काय, महाराज! सारे सत्त्व त्यातच. तो मिळाला नाही तर वासरू जगत..."

पंत थांबले. आतल्या खोलीतून काहीच आवाज येत नव्हता.

"वासरू सोडा," महाराज म्हणाले. "ठकूबाई, आत जा, बाळाला आईच्या छातीशी लाव." मग त्यांनी चांदीच्या पाठीवर हात ठेवला. "माये, पान्हा सोड. आत तुझी बहीण अडली आहे."

वासराने तोंड लावले. चांदीला पान्हा फुटला, आणि त्याच क्षणी खोलीत यमूलाही! निपचित पडलेली पोर चुटूचुटू पिऊ लागली. पोट भरल्यावर तिने असे भोकाड पसरले, की चांदीने मान वळवून पाहिले.

पंत महाराजांपुढे वाकले. महाराज बाजूला झाले. "धरायचे पाय तिकडे आहेत," म्हणत त्यांनी खोलीकडे बोट केले.

उंबऱ्याशी ठकूबाईने हात आडवा धरला. "थांबा. आधी ते शेणाचे हात धुवा. अन् येताना यमूताईला ऊन ऊन तूप-भात आणा."

पंतांनी कोपरापर्यंत हात धुतले. ताट आणून उंबऱ्यात ठेवले आणि ठकूबाईच्या पायांवर डोके टेकले. त्यांना रडू फुटले. या खेपेला उलटे धरावे लागले नाही.