तांबटाची लेक आणि उपडी वाटी

तांब्यावरच्या ठोक्यांनी जागे होणाऱ्या एका गावात एक तांबट, त्याची बायको आणि त्यांची दोन वर्षांची लेक राहत होती. नवराबायको समोरासमोर बसून एकाच घागरीवर हातोडीचे बारीक ठोके घालत. त्या आवाजात बोलायचे तर ओरडावेच लागे. काम थांबले तरी सवय जाईना. त्या घरात पाणीसुद्धा ओरडून मागत.

लेक गोड होती, पण हट्टाला पेटली की जमिनीवर अंग टाकून देई. रडता रडता तिचा श्वास कोंडे, ओठ निळे पडत. मग लेक जे मागेल ते तिच्या हातात पडे. आता ही काय मागेल, याची आईला दिवसभर धास्ती.

शेजारीण म्हणाली, "अगं, गाणं म्हणत जा. गाण्यानं पोरं निवतात."

आई गाऊ लागली. पण रडणे चढले की तिचे गाणेही चढे. त्यात बाप परात बडवून ठेका धरी. लेक आणखीच किंचाळे.

"हिला गाण्याचा गुण येत नाही," बाप म्हणे.

"तुमच्या परातीचा तर मलाही येत नाही!" बायको म्हणे.

एके सकाळी बायकोचा हात घाईघाईने पडू लागला. तांबट थांबला नाही, रागावलाही नाही. त्याने आपली हातोडी आधी तिच्या घाईला मिळवली, मग हळूहळू संथ केली. तिचा हातही आपोआप संथ झाला.

"लक्ष कुठंय तुझं?"

"पोरीकडं. केव्हाची गप्प आहे हो ती."

दोघांनी वळून पाहिले. लेकीने पत्रा कापायची कात्री उचलली होती. एक बोट पात्यांच्या मधोमध होते.

आईने झेप घेऊन कात्री काढून घेतली. लेक धाडकन आडवी झाली. पाय आपटू लागली. तोंड उघडे, पण आवाज बंद.

शेजारीण धावत आली. "निळी पडतेय गं! देऊन टाक!"

"दे तिला, अगं दे!" बापही ओरडला आणि त्याने परात उचलली.

"परात ठेवा खाली," आई म्हणाली. तिने कात्री उंच फळीवर टाकली. लेकीजवळ बसली, एक वाटी उपडी घातली आणि बोटांनी ठोके धरले. लेकीचे पाय जितक्या घाईने पडत होते, तितक्याच घाईचे, पण हलके.

पाय थबकले. एक हुंदका फुटला आणि हवा आत गेली.

आईने ठोके जरासे संथ केले. त्यावर गुणगुणू लागली. लेकीचे पाय मागोमाग संथ झाले.

"ते," लेकीने फळीकडे बोट दाखवले.

"ते नाही, बाळा," आई हळूच म्हणाली. त्या घरात इतक्या हळू कोणी प्रथमच बोलले होते. लेकीने वाटी ओढून घेतली.

दोन दिवसांनी बापाच्या हातून तयार घागर चिरली. हातोडी फेकून तो घर डोक्यावर घेऊ लागला. लेक वाटी घेऊन आली, त्याच्या पायाशी बसली आणि घाईघाईने ठोके घालू लागली. मग जरासे संथ. बाप बोलता बोलता थांबला, आणि हसला.

तात्पर्य एवढेच: आक्रोश करणाऱ्या लेकरावर आपला सूर चढवू नये, आधी त्याच्या ठेक्याला जाऊन मिळावे, हट्ट पुरवू नये, पण हट्टात त्याला एकटेही सोडू नये.