चेहऱ्यावरून माप

“तोंड एवढंसं, मूठभर! मग आतली पोकळी एवढी थोरली कुठून आली, आबा? तुम्हीच सांगा!”

निरंजन डॉक्टर असा तणतणत होता, जशी काही दाढ त्याचीच उपटली होती.

समोर रंभा कासारीण तोंडाला पदर लावून बसली होती. आठ दिवसांमागं त्यानं तिची वरची दाढ काढली. वरच्या दाढांच्या डोक्यावर, गालाच्या हाडात, वाऱ्याची पोकळी असते. डॉक्टर लोक तिला सायनस म्हणतात. दाढेबरोबर त्या पोकळीचा तळच फुटला. तेव्हापासून रंभा पाणी प्यायली की नाकातून गळायचं. चहाची तीच गत. चारचौघींत घोट घ्यायची चोरी झाली. शेवटी तिनं बांगड्यांची पेटी काखोटीला मारली नि थेट त्याच्या गुरूचं, म्हाताऱ्या आबा दंतवैद्यांचं घर गाठलं. मागोमाग हाही धावत आला.

“आधी दाढेचा एक्स-रे फोटो काढला होतास?” आबांनी विचारलं.

“गरज काय? साठ माणसांचे चेहरे मोजलेत मी. रुंद गालफडं, तर पोकळी मोठी. चिमणं तोंड, तर लहान. या बाईचं हाडच उफराटं, त्याला मी काय करू?”

रंभा उसळली.

“माझं हाड उफराटं? मेल्या, ह्याच हाडानं सत्तर वर्षं भाकर चावली! तवा न्हाई कधी नाकातनं आली!”

आबांनी पेटीकडे बोट केलं.

“निरंजन, रंभाबाईंच्या हातात बांगडी भर.”

“मी?”

“तूच.”

बाईचं मनगट काडीसारखं. त्यानं बघितलं न बघितलं, अन् सगळ्यांत लहान हिरवी बांगडी उचलली. ती बोटांच्या मुळाशी अडली. त्यानं रेटली. कट्कन पिचली. रंभाच्या हातावर रक्ताचा थेंब उभा राहिला.

“मनगट तर एवढंसं आहे!” तो आबांनाच म्हणाला.

“मनगटाला काय बघतोस, मुडद्या? बांगडी अडती पंजाच्या हाडाला. आधी हात दाबून बघावा लागतो!” रंभा करवादली.

“आता तुम्ही भरा, रंभाबाई. ह्याच्या हातात.” आबा म्हणाले.

“आबा! मी बांगड्या भरू?” निरंजन लालेलाल झाला.

“हात पुढे कर.”

रंभानं त्याच्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही. डोळे मिटले. त्याचा पंजा धरला, अंगठ्याखालचं हाड चेपलं, पुन्हा चेपलं... पेटीत चाचपून एक बांगडी काढली. साधा ओरखडा न उठता ती मनगटावर जाऊन बसली.

“दिसतोय लोण्यासारखा,” ती म्हणाली. “पण अंगठा आडमुठा हाय.”

“म्हणजे माझे साठ चेहरे खोटे?”

“खरे आहेत. रंभाबाई एकसष्टाव्या.”

निरंजनची मान खाली गेली.

“चला आजी. आधी फोटो काढू, मग टाके घालून भोक बुजवतो.” असं म्हणत तो हातातली बांगडी ओढायला लागला.

आबांनी माठातलं पाणी पेल्यात ओतलं नि पेला रंभासमोर ठेवला.

“राहू दे ती. हा पेला रंभाबाई नाकातून थेंब न गळता प्याल्या, की काढ.”