शेपूट आणि कोयता

माणसाचं शेपूट कसं गेलं, ठाऊक आहे का तुम्हांला? विलायतेत शिकून आलेल्या दिवाणसाहेबांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी दवंडी पिटवली, की उद्याच्या आठवडी बाजारापासून तांदळाच्या बदल्यात सुकी मासळी देणं बंद. तान्हीबाई कोळणीचं पोट त्याच अदलाबदलीवर होतं. ती तडक कचेरीत गेली.

"बाई, अदलाबदल म्हणजे माकडाचं शेपूट," साहेब समजावू लागले. "माणूस सुधारला, तसं ते गळून पडलं."

"आपसूक गळलं, की कुणी हुकूम काढून कापलं, साहेब?"

"आपसूकच."

"मग आमचंबी गळंल की. तुमी कोयता कशाला काढलात?"

साहेबांनी हुकमाचा कागद हळूच खणात सारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजार भरला, तेव्हा दिवाणांची स्वयंपाकीण सुपात तांदूळ घेऊन तान्हीबाईपुढे सगळ्यांत आधी उभी होती.